चांदीसारखा सेंट, सोनेरी रुपया: टाकसाळीतली चूक की नंतर कुणी केलेलं काम?

लालबागचा डबा:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर विचारते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

माझा मामा बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होता. बंदर लागलं की तिथली चिल्लर खिशात घेऊन यायचा आणि लालबागच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. प्रत्येक नाण्याला वहीच्या कागदाची पुडी आणि पुडीवर त्याच्या तिरक्या अक्षरात बंदराचं नाव. मामा मागच्या श्रावणात गेला. मामीने डबा मला दिला. लहानपणी तो जमिनीवर उपडा करून बसायचे ती मीच.

त्यातली तीन नाणी आणि मी स्वतः घेतलेलं एक, अशी चार नाणी समोर आहेत. वजनं ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर केली.

पहिलं, अमेरिकेचा एक सेंट, साल १९७९. आरशासारखा पांढरा. ३.१२ ग्रॅम. पुडीवर लिहिलंय, "चांदीचा?"

दुसरं, सेंटच, १९९८. हाही पांढरा, पण निळसर करडा, मऊ चमक असलेला. २.४६ ग्रॅम. पुडीवर, "चुकलेला सेंट. जपून ठेवणे."

तिसरं, १९८३ चा सेंट. रंग नेहमीचा तांब्याचा, पण लिंकनच्या खांद्यावर आणि कोटावर बारीक फोड आलेत. सालाजवळ एक लांबट फोड आहे, तिथे आकड्याला जणू दुसरा आकडा चिकटल्यासारखा दिसतो.

चौथं, आपला एक रुपया, २०१४, सालाखाली हिऱ्याची खूण. पूर्ण सोनेरी. हा मी गेल्या महिन्यात फोर्टात फुटपाथवर ९०० रुपयांना घेतला. विकणारा म्हणाला, "प्लेटिंग एरर आहे, मुंबई टाकसाळीची." आता सिंहाच्या आयाळीवर पांढरं दिसायला लागलंय.

मला मामाची नाणी विकायची नाहीत. प्रत्येक पुडीत माझी एक चिठ्ठी घालायची आहे, आणि तिच्यावर खरं तेच लिहायचं आहे. टाकसाळीतून असं निघालेलं नाणं आणि बाहेर आल्यावर कुणी बदललेलं नाणं, हे ओळखायचं कसं?

ठाण्याचा नाणेप्रेमी:

आधी चुंबक लावून बघा. झिंक आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही, लोखंड चिकटतं. १९४३ साली युद्धामुळे अमेरिकेने पोलादाचे सेंट काढले होते, त्यांच्यावर तांब्याचा मुलामा चढवून "तांब्याचा ४३" म्हणून विकणारे आजही आहेत. तिथे चुंबक एका क्षणात निकाल देतो. तुमचे दोन्ही पांढरे सेंट चुंबकाला चिकटले नाहीत तर दोन्ही, तांब्याचा मुलामा चढायचा राहून गेलेले झिंकचे सेंट समजायला हरकत नाही. अशा सेंटना चांगली किंमत येते.

भांडुपचा मुलामेवाला:

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ३१ वर्षं भांडुपला इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात काढली, त्यातली बरीचशी झिंक डायकास्टच्या मालावर. दरवाज्याच्या मुठी, नळाची हँडलं, कपाटाच्या कड्या. तुमचा सेंट म्हणजे माझ्या दृष्टीने तोच माल, फक्त वर लिंकन आहे. म्हणून कारखान्यातल्या माणसाला जसं दिसतं तसं सांगतो.

ठाण्याच्या मित्रांचं चुंबकाचं बरोबर आहे, पण पुढचं नाही. १९७९ आणि १९९८ ही दोन नाणी एका रांगेत बसतच नाहीत. अमेरिकेचा सेंट १९८२ पर्यंत अख्खा तांब्याच्या मिश्रधातूचा होता, ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. १९८२ मध्येच, वर्ष चालू असताना, तांबं महागल्यामुळे तो झिंकचा केला आणि वरून तांब्याचा मुलामा आला. वजन २.५ ग्रॅमवर उतरलं. म्हणजे १९७९ च्या सेंटवर मुलामा कधी नव्हताच. जे चढवलंच नाही ते चढवायचं राहून कसं जाईल? तुमच्या काट्याने ३.१२ दाखवलं, म्हणजे आत तांब्याचं अख्खं नाणं आहे आणि वर कुणीतरी निकेल, क्रोम किंवा झिंक चढवलंय. आरशासारखी चमक म्हणता, त्यावरून निकेल-क्रोमचा संशय येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही असं करतात. झिंकची पूड घातलेल्या कॉस्टिकच्या द्रावणात तांब्याचं नाणं उकळलं की ते चंदेरी होतं, आणि मग बर्नरवर धरलं की पितळेसारखं पिवळं. अमेरिकेत कितीतरी मुलांनी हा प्रयोग केलेला असतो आणि ती नाणी नंतर बाजारात फिरत राहतात. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. मामांनी "चांदीचा" च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, ते योग्य केलं.

आता मुख्य मुद्दा, आणि तो एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप दिसायला लागतं. टाकसाळीत मुलामा आधी आणि ठसा नंतर. झिंकच्या पट्टीतून चकत्या कापतात, चकत्यांना तांब्याचा हात देतात, आणि मग ती तयार चकती प्रेसमध्ये दोन ठशांमध्ये दाबली जाते. घरी किंवा कारखान्यात नंतर केलेल्या कामात क्रम उलटा, ठसा आधी आणि मुलामा नंतर. भिंगाखाली फक्त एवढंच शोधायचं असतं की आधी काय झालं.

चकती सपाट असताना चढलेलं तांबं सगळीकडे सारखं असतं. मग प्रेसचा दाब बसतो, धातू अक्षरांच्या खाचांत सरकतो आणि ते पातळ तांबं ताणलं जातं. अक्षराच्या कडेला, सालाच्या आकड्याच्या बाजूला ते कधी कधी फाटतं आणि आतलं झिंक रेघेसारखं उघडं पडतं. पुष्कळ सेंटवर ही पांढरी रेघ दिसते आणि लोक तिला ठशातला दुहेरीपणा, म्हणजे ठशावरच आकडा दोनदा उमटल्याची चूक, समजतात. ती टाकसाळीतलीच आहे, पण दुर्मिळ नाही.

नंतर चढवलेल्या मुलाम्याचं वागणं वेगळं. टाकीत करंट उंचवट्यांकडे आणि कडेकडे जास्त ओढला जातो, खोलगट जागी कमी. त्यामुळे अक्षरांचे माथे आणि नाण्याची कड जाड होते, धार बोथट होते, आणि अक्षरांच्या बेचक्यांत रंग फिका राहतो. आमच्याकडे नळाच्या हँडलच्या आतल्या कोपऱ्यात निकेल पोचलं नाही की माल परत यायचा. ते कोपरे मी आयुष्यभर बघितलेत.

ओरखडे बघा. हे कुणालाही जमतं. जुन्या नाण्यावर वापराचे ओरखडे असतातच. टाकसाळीत मुलामा चढला असेल तर ओरखड्याने तो कापलेला असतो, तळाशी आतला धातू दिसतो. नंतर चढवला असेल तर ओरखड्याच्या तळालाही वरचाच रंग असतो, कारण ओरखडा आधी पडला होता. कधी कधी मुलाम्याखाली धुळीचा कण अडकलेला दिसतो, कधी झिजलेल्या अक्षरावर ताजी चमक दिसते.

आणि हुकाचा डाग. एकेक नाणं टाकीत सोडायचं म्हणजे ते तारेला किंवा क्लिपला टांगावं लागतं. तार जिथे टेकते तिथे मुलामा बसत नाही. टाकसाळीच्या चकत्या हजारोंनी बॅरलमध्ये फिरत असतात, एकमेकींवर आपटत असतात, कुठेच कायमची टेकत नाहीत. तुमच्या रुपयाची कड पूर्ण फिरवून बघा. एखादा टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका किंवा समोरासमोर दोन ठिपके सापडले तर मला कळवा.

रुपयाबद्दल आत्ताच सांगून टाकतो, कारण तिथे भिंगाचीही गरज नाही. आपल्या चलनात आज जी नाणी चालतात त्यातल्या एकावरही मुलामा नाही. रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा आहे, पाच रुपये २००९ पासून निकेल-पितळेचे, दहा आणि वीस दोन धातूंचे, पण तेही अंगचेच. ब्रिटनचं एक आणि दोन पेन्स १९९२ पासून तांबं चढवलेल्या पोलादाचं आहे, युरोचे एक, दोन आणि पाच सेंटही तसेच. तिथे "मुलाम्याची चूक" या शब्दाला अर्थ आहे. अमेरिकन नाण्यांचे व्हिडिओ बघून तो शब्द आपल्या रुपयाला लावला गेला आणि त्यावर लोकांची फसवणूक होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग रुपया पिवळा निघूच शकत नाही का? एका परिस्थितीत निघू शकतो: दुसऱ्या नाण्याची चकती चुकून रुपयाच्या ठशाखाली गेली तर. पण मग तो चुंबकाला चिकटणार नाही. २०१४ चा रुपया २२ मिलिमीटरचा, ३.७९ ग्रॅमचा आणि त्याचं स्टील चुंबकाला घट्ट धरणारं. पाचाच्या निकेल-पितळी चकतीचं वजन ६ ग्रॅम. सोनेरी असूनही चुंबकाला चिकटलं आणि वजन पावणेचारच्या आसपास भरलं, म्हणजे आत आपला नेहमीचा रुपया आहे.

आणि आयाळीवर पांढरं का दिसतं, तर स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडची एक न दिसणारी कातडी असते. तिच्यावर मुलामा धरत नाही. आधी आम्लाच्या टाकीत निकेलचा खास पातळ थर द्यावा लागतो, तो देण्याचा कंटाळा केला की वरचं सोनेरी काम बोटाच्या घामानेही सुटतं. लग्नसराईत आमच्याकडे लोक रुपयाच्या नाण्यांची पिशवी घेऊन यायचे. रुखवतात मांडायला, आहेराच्या पाकिटावर लावायला, लक्ष्मीपूजनाला. दोनशे-अडीचशे नाणी सोनेरी करून न्यायचे. मी स्वतः केलीत. त्यातली काही पुढे सुटी होऊन बाजारात आली असणार. ज्यांनी ती करून घेतली त्यांचा काही दोष नाही. "टाकसाळीची चूक" म्हणून विकणाऱ्याचा आहे.

आता १९८३. फोड खरे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. झिंकवर मुलामा चढवणं फार नाजूक काम आहे. चकतीवर तेलाचा अंश राहिला, धुण्यात कसूर झाली, की तांब्याखाली हवा किंवा ओल अडकते. प्रेसच्या दाबाने चकती तापते, अडकलेला वायू फुगतो आणि तांबं वर उचललं जातं. सुरुवातीच्या वर्षांतल्या सेंटवर हे फार दिसतं. सालाजवळचा लांबट फोडही त्याच जातीचा, त्याला दुहेरी ठसा समजू नका. लाकडी टूथपिकने अगदी हलकं दाबून बघा: पोकळ असेल तर किंचित दबेल, आणि ठशातला उंचवटा असेल तर हलणार नाही. गॅसवर तापवलेल्या नाण्यावरही फोड येतात, पण ते दोन्ही बाजूंनी, मोठे, आणि तांबं जांभळट काळं पडलेलं असतं.

राहिला १९९८. यासाठी तुम्हाला थोडा वेळ काढावा लागेल. सेंटवरच्या मुलाम्याचं तांबं जेमतेम ०.०४ ग्रॅम असतं, त्यामुळे २.४६ हे वजन मुलामा नसलेल्या चकतीला शोभतं. पण टाकसाळ ०.१० ग्रॅमचा फरक तसाही चालवून घेते, तेव्हा केवळ वजनावर निकाल देता येत नाही. अ‍ॅसिडने तांबं काढलेला सेंट असू शकतो. मात्र अ‍ॅसिडला झिंक तांब्यापेक्षा जास्त आवडतं. तांबं निघेपर्यंत खालचं झिंक खाल्लं जातं, पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो, अक्षरं बारीक होतात आणि खाचांत तांब्याचे लालसर धागे उरतात. खऱ्या नाण्यात झिंकवर थेट ठसा बसलेला असतो. दिव्याखाली नाणं हळू तिरकं फिरवा. चमकेचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरला, तर ती प्रेसमध्ये धातू सरकल्याने आलेली चमक आहे. अ‍ॅसिडने ती सगळ्यात आधी जाते आणि पॉलिशने परत आणता येत नाही.

कृपया कुठलंही नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. पुरावा त्या चमकेतच आहे.

लालबागचा डबा:

काका, मनापासून आभार. काल रात्री मामीच्या खिडकीतल्या टेबलावर दिवा घेऊन बसले. दहापट भिंग शेजारच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून आणलं.

रुपया आधी. चुंबकाला टकदिशी चिकटला. वजन ३.८३. कड फिरवत गेले आणि "भारत" च्या वरच्या अंगाला एक ठिपका सापडला. टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरा, आणि त्याच्याभोवती सोनेरी रंगाची जरा जाड कडा. बरोब्बर समोर दुसरा. तुम्ही न सांगता मला तो कधीच दिसला नसता. आणि सिंहाच्या पायाजवळ एक ओरखडा आहे, त्याचा तळही सोनेरी आहे.

१९७९ वर "लिबर्टी" ची अक्षरं फुगलेली दिसतात, "बी" ची दोन पोटं जवळजवळ बुजलीत. लिंकनच्या गालावर झीज आहे आणि झिजेवर चमक.

१९८३ चा लांबट फोड टूथपिकखाली दबला. मी लगेच हात काढून घेतला.

आता १९९८. यासाठी तीनदा उठून हात धुतले. कडेने धरून फिरवलं तर चमकेचा पट्टा खरंच फिरतो, घड्याळाच्या काट्यासारखा, दोन्ही बाजूंना. अक्षरांच्या कडा धारदार. मागच्या बाजूच्या लिंकन स्मारकाच्या खांबांमधली रेघ न् रेघ स्वच्छ आहे. खांबांच्या मधल्या खोल जागेत तांबं शोधलं, कुठेच नाही. पण उजव्या कडेला, अर्ध्या तांदळाएवढ्या जागेत, तांब्याची हलकी लाली आहे. तिला धारदार सीमा नाही, धुक्यासारखी विरत जाते. याने शंका घ्यावी का?

भांडुपचा मुलामेवाला:

उलट त्याने माझा विश्वास वाढला. अ‍ॅसिडने अर्धवट काढलेलं तांबं खाचांत उरतं, कारण तिथे द्रावण कमी खेळतं. उघड्या कडेवर ते राहत नाही. तुमची लाली कडेवर आहे आणि विरत जाते, म्हणजे चकती बॅरलमध्ये काही क्षणच पोचली असावी, किंवा तिथे दुसऱ्या चकत्यांची तांब्याची घस बसली असावी. त्या लालीवरून चमकेचा पट्टा अखंड जातो का, तेवढं बघा. जात असेल तर लाली ठशाच्या आधीची.

नुसत्या वर्णनावरून मी शिक्का मारणार नाही. पक्कं प्रमाणपत्र हवं असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन संस्था तपासून देतात. पण मी आमच्या कारखान्यातला माल तपासायला बसलो असतो आणि तुमचं हे वर्णन कानावर आलं असतं, तर "टाकीत गेलाच नाही" असं म्हणून बाजूला ठेवला असता.

वसईकर रेल्वेवाला:

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे दहा रुपयांचं २०१६ चं नाणं आहे, बाहेरचं कडं पिवळं असतं ते काळपट तांबूस झालंय आणि मधल्या चकतीच्या जोडावर हिरवं. खाडीच्या पुलाखाली ओहोटीला सापडलं. लोक गाडीतून नाणी टाकतात ना, त्यातलं असावं. "तांब्याच्या कड्याचा दहा" म्हणून एकाने २,००० देऊ केलेत.

भांडुपचा मुलामेवाला:

ते खाडीचं काम आहे. कडं ॲल्युमिनियम-ब्राँझचं, त्यात ९२ टक्के तांबं. खारं पाणी आणि चिखल वर्षभर अंगाशी राहिलं की वरचा थर असा तांबूस, काळा होतो. दोन वेगळे धातू एकत्र आणि वर मिठाचं पाणी, म्हणून हिरवं बरोबर जोडावर आलं. त्याची किंमत दहा रुपयेच. समोरच्या माणसाला खाडीचं सांगून मगच काय ते करा.

लालबागचा डबा:

काका, पट्टा लालीवरून अखंड जातो. आत्ता पुन्हा बघितलं, मामीलाही दाखवलं. तिने भिंग डोळ्याला लावून बराच वेळ धरलं.

चार चिठ्ठ्या लिहिल्या. १९९८ च्या पुडीत वेगळं काही लिहिलं नाही, फक्त वजन, तारीख आणि "मामाचं बरोबर होतं" एवढंच. ती पुडी कागदातच ठेवली तर चालेल ना? त्याचं अक्षर आहे तिच्यावर.

भांडुपचा मुलामेवाला:

कागद जपा, पण नाणं त्यात ठेवू नका. उघडं झिंक आहे. मुंबईचा एक पावसाळा दमट कागदात गेला की पांढरी पूड धरते, खाली खड्डे पडतात, आणि ते परत भरून येत नाहीत. स्टेशनरीवाल्याकडची मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटंही नकोत. नाण्यांची कडक गोल डबी मिळते, तिच्यात ठेवा, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि जून लागला की ती बदला. मामांची पुडी घडी न मोडता डबीच्या खाली सरकवून ठेवा. नाणं कडेनेच धरायचं, आणि मामींना दाखवाल तेव्हा खाली टॉवेल अंथरा.